विमानमार्गाच्या नोंदीचे रकाने

महाराष्ट्रात आष्टी या नावाची किमान चार परिचित गावे आहेत. जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यात एक, बीड जिल्ह्यात तालुक्याचे ठिकाण असलेली दुसरी, वर्धा जिल्ह्यात १९४२च्या लढ्यामुळे ‘आष्टी शहीद’ म्हणून ओळखली जाणारी तिसरी आणि गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात चौथी. त्यामुळे एखाद्या विमानाच्या मार्गाच्या नोंदीत ‘आष्टीवरून पूर्वेकडे गेले’ एवढेच लिहून ठेवले, तर ती नोंद करणाऱ्याला त्या दिवशी पुरेशी वाटली तरी वर्षभराने दुसऱ्या कोणाच्या हाती पडल्यावर तिचा निश्चित अर्थ लावता येत नाही. याउलट अक्षांश आणि रेखांश यांचे केवळ पूर्ण अंश जरी लिहिले असते, तरी प्रश्न तिथेच मिटला असता. कारण परतूर तालुक्यातील आष्टी १९ अंश उत्तर आणि ७६ अंश पूर्व या चौकटीत येते, बीडची १८ आणि ७५च्या, वर्ध्याची २१ आणि ७८च्या, तर गडचिरोलीची १९ आणि ७९च्या चौकटीत येते. विमानमार्गाची नोंद ठेवण्याच्या शास्त्रात पुढे जे काही येते, ते बरेचसे याच गरजेतून आलेले आहे : एका रकान्यात एकच बाब असावी, आणि ती अशा रूपात असावी की वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याच्या मनातले गृहीत धरावे लागू नये.

प्रस्तुत मार्गदर्शन परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या ठिकाणी राहून डोक्यावरून जाणाऱ्या विमानांची नोंद ठेवू इच्छिणारे हौशी निरीक्षक, शाळांमधील भूगोलाचे आणि विज्ञानाचे शिक्षक, तसेच मराठवाड्याच्या वाहतुकीचा इतिहास जमवणारे अभ्यासक यांना समोर ठेवून केलेले आहे. आष्टीला विमानतळ नाही. जवळचा नियमित प्रवासी विमानतळ छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाण्याचा आहे. परंतु मार्गाच्या नोंदीला विमानतळाची जवळीक आवश्यक नसते. पस्तीस हजार फुटांवरून जाणाऱ्या विमानातून निघालेले संदेश, अडथळा नसेल तर, चारशे किलोमीटरांच्या आसपासच्या अंतरापर्यंत सरळ रेषेत पोहोचू शकतात, आणि सपाट प्रदेशातील उंच गच्चीला त्याचा लाभ मिळतो.

‘मार्ग’ म्हणून ज्याची नोंद होते, त्या प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात, हे रकाने आखण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. पहिला मार्ग विमान कंपनीने उड्डाणापूर्वी वाहतूक नियंत्रणाकडे दाखल केलेला असतो. दुसरा नियंत्रकाने मंजूर केलेला आणि वाटेत वेळोवेळी बदललेला. तिसरा विमान प्रत्यक्ष ज्या बिंदूंवरून गेले तो. पावसाळी ढगांचा मोठा समूह टाळण्यासाठी वैमानिकाने वळसा घेतला, तर पहिला आणि तिसरा मार्ग कित्येक किलोमीटरांनी वेगळे पडतात, आणि त्यात चूक कोणाचीच नसते. चूक होते ती नोंद ठेवणाऱ्याने दोन्ही एकाच रकान्यात भरल्यामुळे. म्हणून दाखल मार्गासाठी एक मजकुराचा रकाना आणि प्रत्यक्ष मार्गासाठी बिंदूंचा स्वतंत्र तक्ता, अशी विभागणी सुरुवातीलाच करणे श्रेयस्कर ठरते.

दाखल मार्ग लिहिण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवून दिलेली असून भारतातही तीच चालते. या उड्डाण आराखड्यातील बाबींना क्रमांक दिलेले आहेत. सातव्या बाबीत विमानाची त्या उड्डाणापुरती ओळख, जास्तीत जास्त सात अक्षरे-अंकांत. आठवीत उड्डाणाचे नियम आणि प्रकार. नवव्यात विमानाचा नमुना आणि त्याच्या मागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांनुसार ठरवलेला वर्ग. तेराव्यात प्रस्थानाचा विमानतळ आणि वेळ. सोळाव्यात गंतव्य, उड्डाणाचा अंदाजित कालावधी आणि पर्यायी विमानतळ. तर अठराव्यात इतर माहिती येते. मार्गाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब पंधरावी. ती समजली की उरलेल्या आराखड्याचा धाक राहत नाही.

पंधराव्या बाबीची सुरुवात वेगाने होते. वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत असेल तर रोमन ‘एन’ या अक्षरापुढे चार अंक, ताशी किलोमीटरांत असेल तर ‘के’पुढे चार अंक आणि ध्वनीच्या वेगाच्या प्रमाणात असेल तर ‘एम’पुढे तीन अंक लिहितात. त्याला लागूनच, मध्ये जागा न सोडता, पातळी येते. ‘एफ ३५०’ म्हणजे प्रमाण दाबानुसार मोजलेले पस्तीस हजार फूट, कारण शेवटची दोन शून्ये गृहीत धरलेली असतात. त्यानंतर मार्ग सुरू होतो आणि त्यात आलटून पालटून बिंदू आणि त्यांना जोडणारे हवाई मार्ग लिहिले जातात. बिंदू चार तऱ्हांनी सांगता येतो : जमिनीवरील रेडिओ-दीपस्तंभाच्या दोन-तीन अक्षरी संकेताने, उच्चारता येईल अशा पाच अक्षरी नावाने, अक्षांश-रेखांशाने, किंवा एखाद्या ज्ञात बिंदूपासूनची दिशा तीन अंकांत आणि अंतर तीन अंकांत देऊन. दोन बिंदूंच्या मध्ये आखलेला हवाई मार्ग नसून विमान थेट जाणार असेल, तर ‘डीसीटी’ ही तीन अक्षरे लिहितात. वाटेत वेग किंवा पातळी बदलायची असेल, तर त्या बिंदूपुढे तिरकी रेघ देऊन नवा वेग आणि नवी पातळी लिहिली जाते.

परतूर शहराच्या आसपासचा एक बिंदू घेऊन रचलेली ‘एन०४५०एफ३५० डीसीटी १९३६एन०७६१३ई डीसीटी’ ही ओळ पाहावी. ती केवळ स्पष्टीकरणासाठी आहे, कोणताही प्रकाशित मार्ग नव्हे. तिचा अर्थ असा की विमान हवेच्या तुलनेत ४५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ८३३ किलोमीटर वेगाने, पस्तीस हजार फुटांच्या पातळीवरून, १९ अंश ३६ मिनिटे उत्तर आणि ७६ अंश १३ मिनिटे पूर्व या बिंदूकडे थेट जाईल आणि तेथून पुढेही थेटच जाईल. या बिंदूच्या लेखनात अकरा स्थाने आहेत : अक्षांशाला चार अंक आणि दिशेचे अक्षर, रेखांशाला पाच अंक आणि दिशेचे अक्षर. रेखांश १८० अंशांपर्यंत जात असल्याने त्याच्या अंशांना तीन जागा राखलेल्या असतात आणि म्हणूनच ७६च्या आधीचे शून्य लिहावेच लागते. केवळ अंश पुरेसे असतील, तर हेच लेखन सात स्थानांत होते. मराठी छपाईत ही अक्षरे येथे उच्चाराप्रमाणे दिली असली, तरी प्रत्यक्ष नोंदीत सर्व संकेत रोमन मोठ्या लिपीत आणि अंक आंतरराष्ट्रीय रूपात लिहावेत. संगणकाच्या लेखी देवनागरी एक आणि आंतरराष्ट्रीय एक ही दोन भिन्न चिन्हे आहेत, आणि दोन्हींची सरमिसळ झालेला रकाना नीट शोधताही येत नाही आणि क्रमानेही लावता येत नाही. शेरा मात्र मराठीत, देवनागरीत लिहिण्यास काहीच हरकत नाही. त्यासाठी वेगळा रकाना ठेवावा आणि धारिका युनिकोडमध्ये जतन करावी.

ही संपूर्ण ओळ एका मजकुराच्या रकान्यात जशीच्या तशी ठेवावी, तिच्यात सुधारणा करू नये. तिचे तुकडे करून वेग, पातळी, बिंदू हे निराळ्या रकान्यांत काढणे उपयुक्त असते, पण ते मूळ ओळीच्या जोडीला, तिच्या जागी नव्हे. यामागे सबळ कारण आहे. हवाई मार्गांची आणि बिंदूंची अधिकृत माहिती जगभर अठ्ठावीस दिवसांच्या ठरावीक चक्राने अद्ययावत होते. त्यामुळे आज ज्या पाच अक्षरी नावाचा बिंदू एका ठिकाणी आहे, तो काही वर्षांनी रद्द झालेला किंवा हललेला असू शकतो. मूळ ओळ आणि तिची तारीख दोन्ही शिल्लक असतील, तर त्या काळाचा नकाशा काढून अर्थ लावता येतो. आधीच ‘दुरुस्त’ केलेल्या ओळीचे काहीच करता येत नाही.

ठिकाणांच्या बाबतीत संकेत आणि नाव यांची फारकत करणे अत्यावश्यक आहे. प्रत्येक विमानतळाला साधारणपणे दोन संकेत असतात : तिकिटावर आणि सामानाच्या चिठ्ठीवर दिसणारा तीन अक्षरी, आणि उड्डाण आराखड्यात वापरला जाणारा चार अक्षरी. चिकलठाण्याचा पहिला ‘आयएक्सयू’ आणि दुसरा ‘व्हीएएयू’ आहे. चार अक्षरी संकेतातील पहिले ‘व्ही’ दक्षिण आशियाच्या मोठ्या विभागाचे आणि दुसरे ‘ए’ पश्चिम भारताचे निदर्शक आहे. मुंबईचा ‘व्हीएबीबी’, नागपूरचा ‘व्हीएएनपी’ आणि पुण्याचा ‘व्हीएपीओ’ यांची सुरुवात म्हणूनच सारखी आहे, तर हैदराबादचा ‘व्हीओएचएस’ आणि दिल्लीचा ‘व्हीआयडीपी’ वेगळ्या दुसऱ्या अक्षराने ओळखू येतात. औरंगाबादचे नाव २०२३ साली अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले, पण विमानतळाचे संकेत तेच राहिले. मुंबईच्या तीन अक्षरी ‘बीओएम’ या संकेतात तर १९९५पूर्वीचे शहराचे इंग्रजी नाव अजून टिकून आहे. नावाच्या रकान्यावर विसंबून ठेवलेल्या वहीत एकाच विमानतळाच्या नोंदी दोन नावांखाली विखुरतात, आणि याच्या उलटही घडते. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३मध्ये प्रवासी वाहतुकीस खुला झाल्यापासून ‘गोवा’ एवढे लिहिणे अपुरे आहे, कारण दाबोळीचा संकेत ‘जीओआय’ आणि मोपाचा ‘जीओएक्स’ असा भिन्न आहे. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५मध्ये सुरू झाल्यावर ‘मुंबई’ या शब्दाचीही तीच गत झाली आहे. ज्या धावपट्टीला चार अक्षरी संकेतच नाही, तिच्यासाठी आराखड्यात ‘झेड’ हे अक्षर चार वेळा लिहून प्रत्यक्ष ठिकाण अठराव्या बाबीत नमूद करण्याची सोय आहे. हौशी नोंदवहीतही ती उचलण्यासारखी आहे.

विमानाची ओळख हा सर्वाधिक घोटाळ्याचा रकाना आहे, कारण तेथे चार निरनिराळ्या ओळखी एकमेकींत मिसळतात. शेपटीजवळ रंगवलेली नोंदणी, जी भारतात ‘व्हीटी’ने सुरू होते, ती विमानाची असते. त्या विमानातील यंत्रणेला दिलेला चोवीस द्विमान अंकांचा पत्ता सोळाच्या पायावरील सहा चिन्हांत लिहिला जातो. भारताच्या वाट्याला आलेले पत्ते ८० ते ८३ यांनी सुरू होतात. तिसरी ओळख उड्डाण आराखड्यातील आणि नियंत्रकाशी बोलताना वापरायची, म्हणजे इंडिगोच्या बाबतीत ‘आयजीओ’ आणि पुढे क्रमांक. चौथी तिकिटावरील, म्हणजे ‘६ई’ आणि पुढे क्रमांक. पहिल्या दोन विमानाला चिकटलेल्या, नंतरच्या दोन त्या फेरीला. यांतील तिसरी आणि चौथी सारखीच असेल असे गृहीत धरू नये. एकाच वेळी आकाशात असलेल्या दोन फेऱ्यांचे क्रमांक कानाला सारखे वाटू नयेत म्हणून कंपन्या पुष्कळदा नियंत्रकासाठी निराळा क्रमांक वापरतात.

येथेच संगणकावरील तक्त्यांचा एक खोडसाळपणा सांगितला पाहिजे. ‘६ई१२३’ असा फेरी क्रमांक रोमन लिपीत एक्सेलच्या साध्या रकान्यात टाकला, की तो प्रचंड संख्या समजला जातो, कारण अंकांच्या मध्ये येणारे ‘ई’ हे अक्षर दहाच्या घाताचे चिन्ह मानले जाते. परिणामी इंडिगोची फेरी सहावर एकशे तेवीस शून्ये असलेल्या संख्येत रूपांतरित होते. ‘८००ई१२’सारख्या रूपाच्या पत्त्याचीही तीच दशा होते. ‘००४०’ ही वेळ नुसती ‘४०’ उरते. एकदा धारिका अशा अवस्थेत जतन झाली की मूळ मजकूर परत मिळत नाही. त्यामुळे माहिती चिकटवण्यापूर्वीच संकेत, पत्ते, फेरी क्रमांक आणि चार अंकी वेळा यांचे रकाने ‘मजकूर’ या प्रकाराचे करून ठेवावेत. ज्या संख्येची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नसते, ती संगणकाला संख्या म्हणून द्यायचीच नाही, हा त्यातला ढोबळ नियम.

वेळेचा रकाना जागतिक समन्वित वेळेत ठेवावा. ही वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या साडेपाच तास मागे असते. १६ तारखेला उत्तररात्री २ वाजून १० मिनिटांनी आष्टीवरून गेलेले विमान जागतिक वेळेनुसार १५ तारखेच्या २० वाजून ४० मिनिटांचे ठरते. म्हणजे रोज मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची प्रत्येक नोंद आदल्या तारखेत जाते. तारीख आणि वेळ दोन रकान्यांत ठेवून फक्त वेळेचे रूपांतर केले, तर विमान एक दिवस पुढचे लागते. वर्ष, महिना, दिवस आणि मग वेळ असा मोठ्याकडून लहानाकडे जाणारा क्रम, आणि शेवटी जागतिक वेळेचे निदर्शक ‘झेड’, असे एकसंध लेखन केल्यास नोंदी आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. उड्डाण आराखड्यातील प्रस्थानाची वेळ ही विमान उभ्या जागेवरून हलण्याची अपेक्षित वेळ असते, चाके धावपट्टी सोडण्याची नव्हे; तिच्यात अंदाजित कालावधी मिळवून आगमनाची वेळ काढू नये, कारण तो कालावधी प्रत्यक्ष उड्डाणापासून मोजलेला असतो.

प्रत्यक्ष मार्गाच्या तक्त्यात दर ओळीला एक बिंदू येतो. अक्षांश आणि रेखांश दशांश अंशांत, दोन स्वतंत्र रकान्यांत लिहावेत. चार दशांश स्थळे घेतली की अक्षांशातील बारकावा सुमारे अकरा मीटरांपर्यंत पोहोचतो, आणि विमानासाठी तो पुष्कळ आहे. सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे अंश-मिनिटे आणि दशांश अंश यांची गल्लत. १९ अंश ३० मिनिटे याला दशांशात १९.५० लिहायचे असते; कोणी १९.३० लिहिले, तर तो बिंदू बारा मिनिटांनी, म्हणजे बारा सागरी मैल किंवा बावीस किलोमीटरांहून थोडा अधिक, दक्षिणेला सरकतो. इतका फरक नकाशावर विचित्र दिसत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे लपून राहतो. क्रमाची चूक मात्र लगेच उघडी पडते. नकाशावर रेषा काढण्यासाठीच्या जिओजेसन आणि केएमएल या दोन्ही प्रकारच्या धारिकांत रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहितात, तर बोलण्यात आणि बहुतेक नोंदवह्यांत उलटा क्रम असतो. हा क्रम बदलायचा राहिला, तर आष्टीवरून जाणारे विमान ७६ अंश उत्तरेला, स्वालबार बेटांच्या दक्षिणेकडील बर्फाळ समुद्रावर दिसू लागते.

उंचीच्या रकान्याला एकक आणि संदर्भ या दोहोंची जोड हवी. विमान जी उंची प्रसारित करते ती सामान्यतः १०१३.२५ हेक्टोपास्कल या प्रमाण दाबावर आधारित असते. उपग्रहांवरून मोजलेली उंची तिच्यापेक्षा वेगळी येते आणि जमिनीपासूनची उंची या दोन्हींहून निराळी. वेगाचेही तसेच : आराखड्यातील वेग हवेच्या तुलनेत, विमानांचे संदेश पकडणाऱ्या ग्राहक यंत्रावर मिळणारा बहुधा जमिनीच्या तुलनेत. दोघांना एका रकान्यात बसवू नये.

एका फेरी क्रमांकाखाली अनेक टप्पे असू शकतात, ही बाब मराठवाड्याच्या एका दुःखद नोंदीवरून चांगली समजते. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून मुंबईकडे उडताना इंडियन एअरलाइन्सच्या ४९१ क्रमांकाच्या फेरीतील बोइंग ७३७ विमानाची धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरील मालमोटारीला धडक बसली आणि ११८ जणांपैकी ५५ जण दगावले. ती फेरी दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर आणि औरंगाबाद असे थांबे घेत मुंबईला जाणारी होती. ‘कोठून’ या रकान्यात दिल्ली आणि ‘कोठे’ या रकान्यात मुंबई असे लिहिले, तर फेरीच्या दृष्टीने ते खरे असते, परंतु अपघात ज्या टप्प्यात झाला तो औरंगाबाद-मुंबई टप्पा त्या ओळीतून दिसतच नाही. यासाठी फेरीचा एक तक्ता आणि तिच्या टप्प्यांचा दुसरा तक्ता, टप्प्याला क्रमांक देऊन, असा आराखडा करावा. विमानाची नोंदणी, वैमानिक, वेळ आणि बिंदू हे सारे टप्प्याला जोडावे. १५ ऑक्टोबर १९३२च्या टपाल उड्डाणाची नोंदही याशिवाय नीट होत नाही, कारण कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईपर्यंत विमान जे. आर. डी. टाटांनी आणले आणि तेथून मद्रासकडे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. अशा जुन्या नोंदींत चार अक्षरी संकेताचा रकाना कोरा राहतो, आणि वेळेच्या रकान्याजवळ ती कोणत्या गणनेची आहे हेही लिहावे लागते. मुंबईत भारतीय प्रमाणवेळेच्या जोडीला जुनी ‘मुंबई वेळ’ १९५५पर्यंत वापरात होती आणि दोन्हींत एकोणचाळीस मिनिटांचा फरक होता.

कोरा रकाना आणि शून्य यांत भेद राखावा. उंची मिळाली नाही तर जागा रिकामी सोडावी. तेथे शून्य घातले की विमान समुद्रसपाटीवर येते. प्रत्येक ओळीला स्रोताचा रकाना असावा : स्वतःच्या ग्राहकाने पकडले, संकेतस्थळावरून उतरवले, की डोळ्यांनी पाहिले. हे विशेषतः प्रस्थान आणि गंतव्य यांच्या बाबतीत महत्त्वाचे आहे, कारण विमान आपला पत्ता, स्थान, उंची आणि उड्डाणाची ओळख प्रसारित करते, परंतु कोठून निघाले आणि कोठे चालले हे त्या संदेशांत नसते. संकेतस्थळे ते वेळापत्रकावरून आणि इतर माहितीवरून जुळवतात. म्हणून ‘अनुमानित’ अशी खूण त्या दोन रकान्यांपुढे केलेली बरी. फ्लाइटरडार२४वरून उतरवलेल्या धारिकेत अक्षांश आणि रेखांश अवतरणचिन्हांमध्ये एकाच रकान्यात, मध्ये स्वल्पविराम देऊन येतात. स्वल्पविरामाने रकाने पाडणारी साधी कृती अवतरणचिन्हांकडे दुर्लक्ष करत असेल, तर पुढचे सर्व रकाने एका घराने सरकतात आणि उंचीच्या जागी रेखांश येऊन बसतो. ग्राहकाच्या सोबत चालणाऱ्या डम्प१०९० या प्रणालीतून मिळणाऱ्या ओळीत स्वल्पविरामांनी विभागलेले बावीस रकाने असतात, पण प्रत्येक ओळीत सगळे भरलेले नसतात : एका संदेशात ओळख येते, दुसऱ्यात स्थान आणि उंची, तिसऱ्यात वेग आणि दिशा. पत्ता आणि वेळ यांच्या आधारे त्यांची जोडणी करावी, मात्र दोन बिंदूंमध्ये काही मिनिटांचा खंड असेल तेथे मधले बिंदू आपल्या मनाने भरू नयेत, आणि नकाशावर ती रेषा तुटकच काढावी.